जांघेतली घडी: चेन ताइचीसाठी शरीर घडवताना

उभे राहा. दोन्ही तळहातांच्या करंगळीकडच्या कडा, मांडी जिथे पोटाला मिळते त्या रेषेवर तिरक्या टेकवा. आता मागे एक उंच स्टूल आहे आणि त्याच्या कडेवर जेमतेम टेकायचंय, असं समजून बसायला लागा. हातांच्या कडा घडीत चिमटल्या तर जागा सापडली. चिमटल्या नाहीत आणि गुडघे तेवढे पुढे सरकले, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच लिहिलंय.

या घडीला चिनी लोक 'क्वा' म्हणतात. इंग्रजी पुस्तकांत ती 'हिप' होते, आपण 'हिप' वाचून कंबर धरून बसतो आणि गोंधळ सुरू होतो. कंबर म्हणजे चिनी 'याओ', ती वेगळी. क्वा म्हणजे खुब्याचा सांधा, त्याच्यावरची जांघेतली घडी आणि आतल्या बाजूने मांडीत उतरणारा भाग, असं सगळं मिळून. गेली पंधरा-सोळा वर्षं मी चेन पद्धतीची ताइची करतोय. त्यातली पहिली पाच वर्षं हातांच्या सुंदर गोलाकार हालचालींत घालवली आणि त्या काळात अंगात काहीही मुरलं नाही. घडी उघडमीट करायला लागली तेव्हा कुठे पायातला जोर हातापर्यंत पोचतोय असं वाटू लागलं. म्हणून इथे ताइचीचा संच, म्हणजे ठरलेल्या हालचालींची माळ, शिकवणार नाही. तो करण्याआधी आणि करता करता शरीर कसं तयार करायचं, तेवढंच.

थोडी पार्श्वभूमी. चीनच्या हनान प्रांतात, वन परगण्यात चेनजियागोऊ नावाचं गाव आहे. सतराव्या शतकात तिथल्या चेन वांगतिंग या लढवय्याने ही पद्धत बांधली असं मानतात. पिढ्यान्‌पिढ्या ती घराण्यात राहिली. चेन चांगशिंग (1771–1853) यांनी यांग लूचान या बाहेरच्या माणसाला शिकवलं आणि त्याच्यापासून यांग पद्धत निघाली. उद्यानांमध्ये आजी-आजोबा संथपणे करताना दिसतात ती बहुतेक वेळा यांगचीच सोपी केलेली आवृत्ती, 1956 मध्ये ठरवलेला चोवीस हालचालींचा संच. याच घराण्यातले चेन फाके 1928 मध्ये गावातून बीजिंगला गेले आणि मग चेन पद्धत शहरी लोकांच्या नजरेस पडली. 2020 मध्ये युनेस्कोने ताइचीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

हे सांगायचं कारण वेगळं आहे. चेनजियागोऊची माणसं शेतकरी होती. दिवसभर वाकून काम, उकिडवं बसणं, ओझी वाहणं. संच शिकायला उभी राहिली तेव्हा त्यांचे पाय आणि खुबे आधीच तयार होते. आपण खुर्चीतून उठून थेट वर्गात जातो. त्यांना शेताने फुकट दिलं ते आपल्याला वेगळं कमवावं लागतं. एका बाबतीत मात्र आपण पाश्चात्त्यांपेक्षा बरे आहोत: ज्यांना अजून मांडी घालून जेवता येतं आणि टाचा टेकून उकिडवं बसता येतं, त्यांचे खुबे अर्धे मोकळे असतातच. येत नसेल तर रोज दाराची चौकट धरून दोन मिनिटं उकिडवं बसण्यापासून सुरुवात करा.

ताइचीच्या जुन्या सूत्रांत एक वाक्य आहे: मूळ तळपायात, जोर पायांतून सुटतो, ताबा कमरेकडे, आणि प्रकट होतो बोटांत. शरीरविज्ञान म्हणून वाचलं तरी ते चोख आहे. जमिनीला ढकलायचं आणि जमिनीने परत ढकललेलं वर न्यायचं. वाटेत कुठे गळती झाली की हातात काही उरत नाही. गळतीच्या नेहमीच्या जागा चार: आत कोसळणारा घोटा, वळणारा गुडघा, आखडलेली जांघ आणि वर चढलेला खांदा.

सुरुवातीची तयारी

पादत्राण सपाट आणि पातळ तळाचं हवं. धावण्याच्या बुटांची टाच उंच आणि मऊ असते. ते घालून उभं राहिलं की वजन चवड्यावर ढकललं जातं आणि सगळा हिशेब चुकतो. जमीन गुळगुळीत पण न घसरणारी. गच्चीवरची शहाबादी फरशी उत्तम. व्यायामशाळेतली रबरी चटई मात्र टाळा. पाय तिला चिकटून राहतो, वरचं शरीर वळतं आणि मधला पीळ गुडघा सोसतो. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. रक्तदाब जास्त असेल, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा चक्कर येण्याची सवय असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि उभं राहण्याचा वेळ मी देतो त्याच्या निम्मा धरा.

पहिली आठ-दहा मिनिटं सांधे मोकळे करण्याची. चिनी शिक्षक त्याला 'फांग-सोंग' म्हणतात. हा 'सोंग' आपल्या सोंगासारखा ऐकू येतो, पण अर्थ पार उलटा. मुद्दाम आणलेला ताण सोडून देणं, पण कोसळायचं नाही. ओल्या कपड्यासारखं लोंबायचं नाही. दोरीवर नीट वाळत घातलेल्या कपड्यासारखं, वरून धरलेलं आणि खाली सुटलेलं. मान, खांदे, कोपरं, मनगटं, कंबर, खुबे, घोटे, सगळ्यांची संथ वर्तुळं काढा. खुब्यांना सर्वांत जास्त वेळ द्या: भिंतीला हात लावून एक पाय पुढे-मागे वीस वेळा झुलवा, मग गुडघा उचलून बाहेरच्या बाजूला मोठं वर्तुळ. दोन्ही गुडघे जोडून, त्यांवर हात ठेवून गोल फिरवण्याची प्रथा शाळेच्या पीटीपासून आपल्या अंगवळणी पडली आहे. मी ती सोडली. खुबा हा उखळीचा सांधा, सर्व दिशांना फिरतो. गुडघा मुख्यतः बिजागरीचा. वाकलेला असताना तो थोडासा फिरतो, तेवढंच. बिजागरी मळसूत्रासारखी फिरवून तेल लागत नाही.

उभं राहणं

आता मूळ काम. चिनीत 'झान झुआंग', म्हणजे खुंटासारखं उभं राहणं. वांग श्यांगजाई (1885–1963) यांनी तर आपली 'यी-च्वान' ही अख्खी पद्धतच यावर उभारली. चेन परंपरेतही रोजच्या सरावाआधी हे असतंच. बघणाऱ्याला माणूस झाडाला मिठी मारून तंद्री लागल्यासारखा दिसतो. करणाऱ्याला सातव्या मिनिटाला मांड्या थरथरताना दिसतात.

रचना खालून वर करा, नेहमी खालून.

पावलं खांद्याएवढी दूर, एकमेकांना समांतर. बहुतेकांना समांतर ठेवली की बोटं आत वळल्यासारखी वाटतात. फरशीची रेघ बघून खात्री करा. वजन तळपायाच्या मधल्या भागावर, टाचेच्या किंचित पुढे. चवड्याच्या मागे, पाऊल दुमडलं की जिथे खळगा पडतो, त्या बिंदूला 'योंग-च्वान' म्हणतात, उफाळता झरा. वजन तिथे पूर्ण टाकायचं नाही, पण तो जिवंत हवा. अंगठा, करंगळीचं मूळ आणि टाच या तिन्हींचा फरशीशी संपर्क सुटू देऊ नका.

गुडघे कुलूप लावल्यासारखे ताठ नकोत, फार वाकलेलेही नकोत. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने बघते का, एवढं पाहा. आत पडत असेल तर गुडघा बाहेर ढकलू नका, जांघ आतून उघडा. आतल्या मांड्यांच्या मधून वारा जाईल अशी कमान व्हायला हवी. चिनीत तिला 'तांग' म्हणतात, आणि जुन्या पुलासारखी गोल कमान हवी असते, टोकदार उलटा व्ही नव्हे.

आता घडी. लेखाच्या सुरुवातीला केलंत तसं स्टुलाच्या कडेवर टेका. जांघ आत गेली की गुडघे आपोआप थोडे वाकतात. क्रम हाच: आधी घडी, मग गुडघा. उलट केलंत तर सगळं वजन मांडीच्या पुढच्या स्नायूंवर आणि गुडघ्याच्या वाटीवर येतं.

माकडहाड खाली सुटू द्या. इथे एक चुकीची सूचना फार पसरली आहे: 'पार्श्वभाग आत घ्या'. लोक कमरेचा नैसर्गिक बाक जोर लावून सपाट करतात, पोट आवळतात, आणि वीस मिनिटांनी पाठ धरते. खरं काम जोर लावण्याचं नाहीच. माकडहाडाला एक छोटं वजन बांधलंय आणि ते जमिनीकडे ओढतंय एवढं पुरे. कमरेच्या मागचा, बेंबीच्या समोर येणारा भाग म्हणजे 'मिंग-मेन'. तो हळूहळू मागे भरल्यासारखा होतो. तपासायचं असेल तर एक हात तिथे ठेवून श्वास घ्या. श्वास तिथपर्यंत पोचून हाताला हलकं ढकलत असेल तर बरोबर.

छाती फुगवलेली नको, आत दबलेलीही नको. 'छाती आत, पाठ वर' अशी सूचना ऐकून पोक काढणारे मी खूप पाहिलेत, मीही त्यातलाच होतो. फासळ्यांचा पिंजरा पुढून खाली सैल होतो, एवढाच त्याचा अर्थ. खांदे कानांपासून दूर. कोपरं जड, मनगटांपेक्षा खाली. हात छातीसमोर मोठा फुगा धरल्यासारखे. बोटं एकमेकांकडे, मध्ये वीतभर जागा. काखेत एक लिंबू मावेल एवढं अंतर. हनुवटी किंचित आत, टाळू वर. जीभ वरच्या दातांमागे टाळ्याला टेकलेली. डोळे समोर, कशावरही खिळलेले नाहीत. श्वास नाकाने, जसा येतो तसा. तो मोजू नका, रोखू तर अजिबात नका.

पहिल्या आठवड्यात रोज तीन मिनिटं. घड्याळ मागे ठेवा, समोर नको. समोर ठेवलं की ते उभं राहणं नसतं, वाट पाहणं असतं. दर आठवड्याला एक मिनिट वाढवा. तीन महिन्यांत पंधरा मिनिटांपर्यंत गेलात तर छान. तिथून पुढे वीस पुरेत. तास-तासभर उभे राहणारे असतात, पण नोकरी-घर सांभाळून करणाऱ्याला वीस मिनिटं नीट उभं राहणं जास्त फळतं.

काय होतं ते सांगून ठेवतो, नाहीतर घाबराल. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला खांदे पेटतात. पेटले की खांदा वर चढलाय समजा. कोपर दोन बोटं खाली सोडा, आग निम्मी होते. पुढे मांड्या थरथरतात. ही थरथर चांगली, थकलेले स्नायू काम दुसऱ्यांकडे सोपवत असतात. तळहात गरम होतात, बोटांत मुंग्यांसारखं वाटतं. त्यात गूढ शोधू नका. घाम मात्र विचित्र येतो, काही हलवलेलं नसताना सदरा ओला. डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा मळमळलं तर हट्ट करू नका, लगेच चालायला लागा. स्थिर उभं राहिल्यावर रक्त पायांत साचतं आणि ते वर ढकलण्याचं काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. ते गोठले, त्यात गुडघे कुलूपबंद असले, तर माणूस खरंच कोसळतो. संचलनात ताठ उभी असलेली मुलं पडतात ती यामुळेच.

सराव करताना कोणी सोबत असेल तर त्यांना तुमच्या समोर धरलेल्या हातांवर हळूहळू दाब द्यायला सांगा, एकदम धक्का नको. हात ताठ करून विरोध केलात तर खांदा मागे जातो आणि चवडे उचलतात. रचना बरोबर असेल तर तोच दाब पाठीतून, घडीतून उतरून तळपायांखाली जाणवतो. पहिल्यांदा हे होतं तेव्हा हसूच येतं. या फुगीर, लवचीक आधाराला 'पंग' म्हणतात, आणि ताइचीतलं सगळं याच्यावर उभं आहे.

वजन सरकवणं

उभं राहणं पाचेक मिनिटांवर गेलं की हे जोडा. पावलं खांद्याच्या दुप्पट अंतरावर, बोटं किंचित बाहेर. हात कमरेवर, अंगठे मागे. वजन डावीकडून उजवीकडे न्या, पण सरळ रेषेत नाही. आधी घडीतून किंचित खाली बसा, मग टोपलीच्या तळावरून सरकावं तसं पलीकडे जा, मग वर. डोकं मात्र जवळपास एकाच उंचीवर राहिलं पाहिजे. वीस फेऱ्या.

यात वळणं घाला. वजन उजवीकडे असताना उजवी घडी मिटवून धड उजवीकडे वळवा. सगळी परीक्षा इथे आहे. धड वळलं तरी गुडघे जिथे होते तिथेच हवेत. मोबाइल समोर कंबरेच्या उंचीवर ठेवून चित्रण करा आणि नंतर फक्त गुडघ्यांच्या वाट्या बघा. हात किती सुंदर दिसतात ते बघू नका. वाटी डुलत असेल तर वळण गुडघ्यात झालं, खुब्यात नाही. मी माझं पहिलं चित्रण पाहिलं तेव्हा दोन्ही गुडघे घंटेच्या लोलकासारखे हलत होते, आणि मला वाटत होतं की मी कमरेने वळतोय.

वळण कमी करा. वीस अंशच वळा, पण ते खुब्यातून. महिनाभरात तीस होतील.

रेशीम गुंडाळणं

चेन पद्धतीची ओळख म्हणजे 'चान-सी', रेशमाचा धागा गुंडाळणं. कोशातून धागा ओढताना एकसारखा ताण ठेवावा लागतो; झटका दिला तर तुटतो, सोडला तर गुंता. शरीरात याचा अर्थ असा की प्रत्येक हालचालीत अवयव नुसता इकडून तिकडे जात नाही, स्वतःभोवती पिळतही जातो. हाताचा पीळ दोन तऱ्हांचा. करंगळी आत आणि अंगठा बाहेर वळतो, तळवा आपल्याकडे किंवा वर येतो, तो 'शुन'. अंगठा आत, करंगळी बाहेर, तळवा बाहेर जातो, तो 'नी'. पायांतही असाच पीळ असतो, पण तो हाताच्या पिळाशी जुळून यायला वर्षं लागतात, तूर्त विसरा.

एका हाताचं वर्तुळ हा पाया. चेन फाके यांचे नातू चेन श्याओवांग यांच्या शिकवण्याने ते जगभर गेलं. उजव्या हाताने करून पाहू.

पावलं रुंद, डावा हात कमरेवर. वजन उजवीकडे, उजवा हात उजवीकडे खांद्याच्या उंचीवर, तळवा बाहेर, कोपर खाली झुकलेलं. पहिला भाग: उजवी घडी सैल करा. घडी बसली की कोपर जड होतं, कोपर उतरलं की हात खाली येतो. तळवा हळूहळू वर वळतो, वजन डावीकडे जातं, हात ओटीपोटासमोर येतो. दुसरा: धड थोडं डावीकडे वळतं, हात त्याच्याबरोबर डावीकडे वर, छातीच्या उंचीवर. इथे हात स्वतः काहीच करत नाही, धड त्याला नेतं. तिसरा: तळवा बाहेर वळू लागतो आणि वजन उजवीकडे सरकतं. चौथा: धड उजवीकडे उघडतं, हात डोळ्यांसमोरून बाहेर जातो, शेवटी कोपर खाली, बोटांत हलका ताण. पुन्हा पहिला.

लोक चारही भाग एकदम हाताने रंगवतात. म्हणून मी नव्याने शिकणाऱ्यांना आधी हात काढून घ्यायला सांगतो. दोन आठवडे फक्त पाय आणि धड, हात बेंबीवर. मग हात बाहेर, पण मनगट मेल्यासारखं सैल. मग पीळ. एका बाजूला वीस वर्तुळं, मग दुसरी बाजू. एक वर्तुळ सहा ते आठ सेकंदांचं. यापेक्षा घाई केलीत तर ओटीपोटातलं केंद्र, म्हणजे 'दान-त्यान', हलवायला सवडच मिळत नाही. बेंबीखाली चार बोटांवर आतमध्ये एक जड गोळा आहे आणि तो पलटतोय, अशी कल्पना करून बघा. पहिल्यांदा खोटी वाटते. काही महिन्यांनी पोटाचे स्नायू ते खरंच करू लागतात.

एक खूण: उजवीकडून वजन काढताना पहिलं काय हललं? हात आधी हलला तर चूक. उजव्या तळपायाखाली फरशी किंचित दाबली गेली, मग घडी, मग कंबर, मग खांदा, मग हात, तर बरोबर. हा क्रम रोज पहिल्या पाच वर्तुळांत मनात म्हणत जा.

खाली बसण्याची हौस

आता कस. घोड्यावर बसल्यासारखा 'मा-बू', पुढचा पाय वाकवून मागचा लांब ठेवलेला 'गोंग-बू', एका पायावर खाली बसून दुसरा जमिनीलगत पसरलेला 'पू-बू'. या बैठकी सगळ्या चिनी पद्धतींत थोड्याफार फरकाने आहेत. आजच्या स्पर्धांमधल्या वूशूत मा-बूत मांड्या जमिनीला समांतर लागतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ते शोभतं. तुमचं वय चाळीस असेल तर खुबे गुडघ्यांपेक्षा चांगले वीतभर वर ठेवा आणि तिथे तीस सेकंद स्थिर राहा. पाच वेळा. तेवढ्याने मांड्या बोलायला लागतात.

एका वर्गात मला 'अजून खाली, अजून खाली' असं सांगितलं जायचं आणि मी तरुणपणाच्या मस्तीत जायचो. खाली जाऊन वळायचोही. सहा महिन्यांनी जिना उतरताना डावा गुडघा आतल्या बाजूने टोचायला लागला आणि चार महिने सराव बंद. नुसतं खाली गेल्याने दुखणं आलं नव्हतं, फार खाली गेल्यावर घडी अडकून बसायची आणि वळण गुडघ्यात उतरायचं. तेव्हापासून नियम एकच: घडी जिवंत राहील तेवढंच खाली. एक बोट खाली गेल्यावर वळणं अडलं, तर ते एक बोट परत वर.

स्नायू आठवड्यांत तयार होतात; स्नायूबंध आणि सांध्यांच्या आजूबाजूची ऊतकं महिने घेतात. म्हणून दोन महिन्यांनी मांडी भक्कम वाटली तरी बैठक एकदम खोल करू नका. आपल्या तालमीतल्या बैठका मारणाऱ्यांना एक अडचण येते ती वेगळी. बैठकीत खाली जाताना टाचा उचलतात आणि लय जोरात असते. इथे टाच जमिनीतच राहते आणि लय उलटी. मांडीत ताकद भरपूर असूनही ते सुरुवातीला अडखळतात, कारण त्यांची मांडी काम करायला फार तत्पर असते. घडीला संधीच मिळत नाही.

काठी

चेन परंपरेतलं माझं सर्वांत आवडतं साधन म्हणजे लांब काठी. चीनमध्ये ती 'पांढऱ्या मेणाच्या' झाडाची असते. हे अ‍ॅश जातीचं झाड, त्यावर मेण तयार करणारे कीटक वाढवतात म्हणून हे नाव. साधारण तीन ते चार मीटर लांब, बुडाकडे मुठीत जेमतेम मावेल इतकी जाड, टोकाकडे निमुळती, आणि लवचीक. चेन फाके रोज तीनशे वेळा काठी हलवत, असं त्यांच्या परंपरेत सांगतात.

ती मिळत नाही म्हणून मी कोकणातल्या माणगा बांबूची वापरतो. माणगा भरीव असतो, पोकळ बांबूसारखा चटकन फुटत नाही. पेरांवरचे कंगोरे पटाशीने काढा, काचपेपर मारा आणि दर आठवड्याला चीर गेली का ते बघा. चीर गेली की काठी बाद. सुरुवातीला अडीच मीटर पुरे. आणि आजूबाजूला कोणी नाही ना, हे दोनदा बघा. टोक कुठे जातं ते पहिले काही दिवस तुम्हालाही कळत नाही.

बूड उजव्या हातात, उजव्या खुब्याशी टेकलेलं. डावा हात पुढे, नळीसारखा सैल, काठी त्यातून सरकते. तीन हालचाली: टोकाने बाहेर छोटं अर्धवर्तुळ, 'लान', आत छोटं अर्धवर्तुळ, 'ना', आणि सरळ भोसकणं, 'जा'. अर्धवर्तुळ ताटाएवढं, परातीएवढं नको. भोसकताना मागचा पाय जमीन ढकलतो, मागची घडी उघडते, पुढची मिटते आणि बूड खुब्यापासून पुढे निघतं.

काठी खोटं बोलत नाही. खांद्याने ढकललीत तर ती पुढे जाते आणि मेल्यासारखी थांबते. पायातून आलं तर बुडाकडून एक लाट निघते, काठीभर धावते आणि टोक क्षणभर थरथरतं, माशाच्या शेपटीसारखं. माझं टोक पहिल्यांदा थरथरलं त्या दिवशी मी केलेली शंभरावी वगैरे फेक असेल. त्यानंतर आठवडाभर पुन्हा एकदाही नाही.

प्रत्येक बाजूला दहा, आठवड्यातून तीन दिवस. मनगट किंवा कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखलं तर पकड फार आवळलेली आहे.

स्फोटासारखा जोर सोडणं, 'फा-जिन', त्यासाठी काठी हीच पूर्वतयारी. मोकळ्या हातांनी झटके द्यायला किमान सहा महिने थांबा. आणि पाय आपटणं, जे चेन संचात येतं, ते सिमेंटवर करू नका. तो आपटायचा नसतोच. शरीर खाली सुटतं आणि पूर्ण तळवा एकदम जमिनीला लागतो. टाचेने ठोकलं की धक्का थेट कमरेत.

हात टणक करण्याबद्दल हमखास विचारतात. गुआंगझोऊमध्ये शिकवलेल्या गू रूझांग (1894–1952) यांचं विटांची चळत फोडतानाचं छायाचित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. लोहतळव्याच्या सरावात मुगाने भरलेल्या पिशवीवर तळवा आपटतात, मग वनौषधी मुरवलेली दारू चोळतात. जाणत्या माणसासमोर बसून केलं तर ते एक शास्त्र आहे. एकट्याने चित्रफिती बघून करू नका. ताइचीला त्याची गरजही नाही.

आठवडा कसा लावायचा

पहिला महिना: सांधे मोकळे करणं, उभं राहणं, वजन सरकवणं, रोज. पंचवीस मिनिटांत होतं. दुसऱ्या महिन्यात बेंबीवर हात ठेवून वर्तुळं, आठवड्यातून चार दिवस. तिसऱ्यात हातासह, आणि बैठकी दोन दिवसांआड. काठी तिसऱ्याच्या शेवटी. एखाद्या दिवशी वेळ नसेल तर बाकी सगळं सोडा, उभं राहणं सोडू नका.

दुखण्यातला फरक शिकून घ्या. मांडीच्या मधोमध, पार्श्वभागात, पोटरीत भरून आल्यासारखं दुखणं दोन दिवसांत जातं, ते चालेल. गुडघ्याच्या आतल्या बाजूला टोचणं, वाटीखाली दुखणं, सकाळी उठल्यावर कमरेत कळ, हे चालणार नाही. आठवडाभर बैठकी आणि वळणं बंद, फक्त उंच उभं राहणं. तरीही दुखलं तर अस्थितज्ज्ञाकडे.

सराव संपल्यावर लगेच बसू नका. दोन्ही तळहात ओटीपोटावर ठेवून मिनिटभर थांबा, मग गच्चीच्या दोन-चार फेऱ्या. आणि दिवसातून एकदा तरी, पाण्याची भरलेली बादली उचलायच्या आधी, थांबा. पाठ वाकवून नाही, गुडघे पुढे ढकलूनही नाही. हाताची कड जांघेत चिमटेल असं बसा, आणि मग उचला.